आठ जीबी आणि तुझा अंगठा

भास्कर,

काल तुझं तेरावं झालं. तुझ्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरासमोर मांडव होता, आणि त्या मांडवात सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. लोकांना वाटलं, रवींद्र रडतोय.

तुझी नोकरी, तुझा स्वभाव, शिरपूरच्या जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर म्हणून तुझा दबदबा, हे सगळं तुमच्या जिनिंगचे नाना बोलले आणि चांगलं बोलले. मला त्यात भर घालायची नाही. मला तुला एकच सांगायचं आहे, आणि ते तू असताना सांगायला हवं होतं. तुझा अंगठा चांगला होता. त्या रविवारी तो पूर्ण चांगला होता. मी खोटं बोललो.

तुझ्या पायांतली ताकद गेली तेव्हा तू मला जळगावला फोन केलास. नसांचा आजार, हळूहळू वर सरकणार, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहणार, एवढं तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यापुढे ते गोल गोल बोलत होते. तू म्हणालास, "रव्या, दर रविवारी मी शिरपूरच्या पुढे जाऊन सातपुडा चढायचो. आता सातपुड्याने माझ्याकडे यायला पाहिजे. मला ते घोड्यावरून डोंगर फिरायचं गेम लावून दे. पण गवत दिसलं पाहिजे. नुसता हिरवा रंग नको."

आपण दोघं सत्तेचाळीसचे. आपल्या वयाचा माणूस गेम मागतो म्हणून मी हसलो. तू हसला नाहीस.

तुझ्यासाठी टीव्ही मोठा घेतला, फोर-के. गेमचं मशीन, म्हणजे संगणक, मी मेहरूणच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात स्वतः बसवलं. एकेक स्क्रू माझ्या हातचा. आणि पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड निवडलं ते नवं, वेगवान, पण आठ जीबी मेमरीचं. माझ्यापुढे दुसरं एक होतं, आधीच्या पिढीचं, सोळा जीबीचं. तू फोनवर तुझ्या अहिराणीत नेमकं तेच विचारलंस.

"आठ पुरतीन का रे? पडदा मोठा शे. चौपट चित्र शे."

मी म्हणालो, "तू कापूस बघ. कार्ड मी बघतो."

"बरं मास्तर," तू म्हणालास.

माझ्या त्या तोऱ्याला कारण होतं. तुला मी ते कधी समजावून सांगितलं नाही, मास्तरांना समजावून सांगायची सवय नसते. वीस वर्षं दुकानात लोक येतात आणि कार्डाबद्दल एकच विचारतात, किती जीबीचं? एके काळी कंपन्या मरतुकड्या कार्डांवर भरमसाट मेमरी चिकटवायच्या आणि लोक आकडा बघून ती उचलायचे. आम्ही दुकानदार आपसात हसायचो. जीबी विचारणारं गिऱ्हाईक म्हणजे कच्चं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं की दिवस बदलले ते माझ्या लक्षात आलं नाही. आता खेळातला प्रत्येक दगड, प्रत्येक झाडाची साल, घोड्याच्या पाठीवरचा केस, सगळ्यांची मोठी मोठी चित्रं कार्डाला स्वतःच्या मेमरीत धरून ठेवावी लागतात. त्यात तुझा पडदा चौपट ठिपक्यांचा. साध्या पडद्यावर जे आठ जीबीत मावलं असतं ते तुझ्याकडे मावणार नव्हतं. हे मला कळायला हवं होतं. माझा धंदाच तो.

पहिला आठवडा तू खूश होतास. मला फोनवर गवताचं वर्णन करून सांगायचास. एका पात्याला दव होतं म्हणालास. मग एके दिवशी सकाळी म्हणालास, "अटकस रे रव्या."

"काय अडकतं?"

"वळतांना. गावात शिरनू की झटका बसतो. एवढासा. डोळा लवतो ना, त्याच्याहून थोडा जास्त."

मी म्हटलं, नवीन ड्रायव्हर टाक, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. तू टाकलास. फरक नाही. मग तूच मला सांगितलंस, काय होत असेल ते. तुला संगणकाचं काहीच शिक्षण नव्हतं. तू म्हणालास, "हे बघ, आमच्याकडे मशीनजवळचा ओटा लहान असला ना, तर कापूस सारखा मागच्या गोदामातून आणावा लागतो. आणेपर्यंत मशीन रिकामं फिरतं. मशीन चांगलंच असतं. ओटा लहान असतो. तुझ्या कार्डाचा ओटा लहान शे."

भास्कर, मी पुष्कळ लेख वाचले, व्हिडिओ पाहिले. ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली की काय होतं ते इतकं नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. कार्डाची जागा संपली की ते मशीनच्या साध्या रॅममधून चित्रं मागवतं, तो रस्ता लांबचा आणि मंद, आणि तेवढा वेळ पडद्यावरचं चित्र थबकतं. तू ते तुझ्या खुर्चीत बसून, डोळ्याने ओळखलंस. मी म्हणालो, "तू जिनिंगच्या बाहेर ये जरा."

त्याच दिवशी मी दुकानात तुझ्यासारखंच कार्ड फोर-केला लावून पाहिलं. तोच खेळ, तेच गाव. मेमरी काठोकाठ भरली आणि झटका बसला. एवढासा. डोळा लवण्याहून थोडा जास्त.

मग मी सोळा जीबीचं कार्ड पिशवीत घातलं आणि रविवारी धुळ्याला निघालो. हे तुला माहीत नव्हतं. मनात होतं की तुझ्याजवळ बसावं, हसत हसत म्हणावं की बाबा, तू जिंकलास, आणि कार्ड बदलून टाकावं. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा मी ती वाक्यं मनातल्या मनात म्हणूनही पाहिली.

तुझ्याकडे माणसं होती. नाना होते, तुमच्या जिनिंगचे जुने फोरमन, आणि त्यांच्याबरोबर तुझ्या हाताखाली काम केलेले दोघं-तिघं. तू खुर्चीतून मला दारात पाहिलंस आणि ओरडलास, "हाऊ देखा! आठवाला मास्तर उना!"

आठ जीबीवाला मास्तर आला म्हणून सगळे हसले. म्हणजे तू त्यांना सगळं सांगून ठेवलं होतंस. नानांनीही हात धुऊन घेतले. "मास्तर, गाडी नवी दिली म्हणे. पेट्रोलनी टाकी बाटलीएवढी शे का?"

"पेरूच्या गाडीवर वजनकाटा ठेवतो तसं केलंय यानं," तू म्हणालास. "काटा नवा, पारडं वाटीएवढं."

वहिनी आतून पाणी घेऊन आल्या, त्याही हसत होत्या. चेष्टाच होती ती. आपण पॉलिटेक्निकपासून एकमेकांची हीच चेष्टा करत आलो. तेव्हा तू माझे डोळे मिटायला लावायचास, दोन्ही तळहातांवर कापसाचे दोन पुंजके ठेवायचास आणि विचारायचास, लांब धाग्याचा कुठला? मी चुकायचो. तू माझ्या टाळक्यात मारायचास. मला कधी राग आला नव्हता.

त्या रविवारी आला. का आला ते मी तेरा दिवस शोधतोय. तू खुर्चीत होतास, मी उभा होतो, आणि तरी तुझंच खरं होतं, हे बहुधा मला सोसलं नाही. मला आणखी चांगलं कारण सापडलेलं नाही.

पिशवी मी चपलांच्या शेजारी ठेवली. म्हटलं, "दाखव बघू कुठे अडकतं."

तू गेमपॅड घेतलास, घोडा गावात नेलास, वळवलास. अडकलं. "देखं?" तू म्हणालास. मी म्हणालो, "मला नाही दिसलं."

मग मी काय केलं ते क्रमाने सांगतो. तुला तेव्हा दिसलं नाही.

मी पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं पडतात तो आकडा लावला. तो सरासरीचा आकडा असतो. साठाच्या आसपास राहिला, म्हणजे खेळ सुरळीत. एखादं चित्र उशिरा आलं तरी सरासरीत ते बुडून जातं. त्याच्या शेजारी आणखी एक रेघ दाखवता येते, प्रत्येक चित्राला किती वेळ लागला त्याची. झटका बसला की ती रेघ सुईसारखी वर जाते, आंधळ्यालाही दिसावी अशी. ती मी लावली नाही.

"साठ," मी नानांना म्हणालो. "वाचा तुम्हीच. कार्ड साठ देतंय."

नानांनी चष्मा सावरून वाचलं. "हो, साठ शे."

तू गेमपॅड माझ्यापुढे धरलास. "तू फिरवून दाखव मग."

मी खेळ बंद करून पुन्हा सुरू केला. म्हणालो, उगाच अडचण नको. खरं कारण असं की पुन्हा सुरू केलं की कार्डाची मेमरी रिकामी होते आणि पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत चालतं. आणि घोडा मी गावात नेलाच नाही. माळावर फिरवला. तिथे गवत आणि आकाश, कार्डाला धरून ठेवायला फार काही नसतं. मी गरागरा वळवला, मागे वळवला, दौडत नेला. कुठेही अडकलं नाही.

"बघ," मी म्हणालो. "माझ्या हातात चालतंय."

मला तिथे थांबता आलं असतं. मी पुढे बोललो. "भास्कर, कार्ड अडकत नाहीये. तुझा अंगठा मध्येच सुटतो. क्षणभर जोर जातो, घोडा वळायचा थांबतो, आणि तुला वाटतं चित्र थांबलं. असं होणारच होतं ना कधीतरी."

नाना पडद्याकडे पाहत राहिले. तू उजवा हात उलटा केलास, सुलटा केलास. अंगठा वाकवलास, सरळ केलास. हाच अंगठा तू कापसाच्या पुंजक्यावर दाबायचास, दुसऱ्या हाताने ओढायचास आणि धाग्याची लांबी सांगायचास. मोजपट्टी नंतर यायची आणि तुझंच खरं निघायचं.

"मन्हा डोया चांगला शेतस," तू हळू म्हणालास. डोळे चांगले आहेत माझे. पण ते वाक्य तू मला सांगितलं नाहीस. स्वतःला विचारल्यासारखं म्हणालास. आणि मग, "असं का."

माणसं उठून गेली. वहिनींनी आपल्या दोघांची ताटं वाढली. सकाळचा नाश्ता तू स्वतःच्या हाताने खाल्ला होतास, मी दारात आलो तेव्हा तुझी बशी अजून तिथेच होती. ताट पुढे आलं, तू ते पाहिलंस, हात मांडीवरच ठेवलास आणि वहिनींना म्हणालास, "सुनंदा, आजपासून तू भरव."

त्या घाबरल्या. "का? काय झालं?"

"रव्यानं सांगितलं. हात सुटतो म्हणे माझा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी मोडत होतो. त्यांनी घास केला आणि तुझ्या तोंडात घातला. मी समोर बसून पोटभर जेवलो, भास्कर. मला तीन-चार शब्द बोलायचे होते आणि पिशवी दारात होती. जाताना मी ती उचलून परत नेली.

त्यानंतर तू खेळला नाहीस. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "राहू दे, बघून झालं." आठ की सोळा, हा वाद तू पुन्हा काढला नाहीस. मी वाट पाहायचो. तू एकदा जरी टोमणा मारला असतास तर मी कबूल झालो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. आता तेही खरं वाटत नाही.

पुढे आजार वर आला आणि हात खरोखर गेले. कधी गेले ते कुणालाच कळलं नाही, कारण तू ते वापरायचं आधीच सोडून दिलं होतंस. सही सोडलीस. वर्तमानपत्राचं पान उलटायचं सोडलंस. मी येऊन बसायचो आणि पानं उलटायचो. तू म्हणायचास, "तुझ्यासारखा माणूस नाही रव्या." मी म्हणायचो, "गप रे." आणि मनात कुठेतरी मला ते हवंहवंसं वाटायचं. हे सगळ्यात घाण आहे, म्हणून लिहून ठेवतो.

तू गेल्यानंतर आठव्या दिवशी केतकीचा फोन आला. तुझी लेक तुझ्यासारखी आहे, तिला डोळ्यांना दिसलेलं सोडवत नाही. नाशिकहून आलेली, रिकामा वेळ खायला उठला म्हणून तिने तुझं मशीन लावलं. तुझा घोडा जिथे थांबला होता तिथून पुढे नेला.

"काका, गावात गेलं की अडकत होतं. मेमरी फुल दाखवत होती. मी टेक्स्चर एक पायरी खाली घेतलं. आता काहीच अडकत नाही. दोन क्लिक. दिसायलाही फारसा फरक नाही." मग विचारलं, "तुम्ही बाबांना हे नव्हतं सांगितलं?"

"तेव्हा लक्षात नाही आलं गं," मी म्हणालो.

"तुमच्या?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दोन क्लिक. दगड-झाडांच्या चित्रांची बारीकी एक पायरी कमी करायची, नवं कार्ड बसवायचीही गरज नव्हती. तुझ्याशेजारी बसून, गप्पा मारता मारता, तुला न कळतही मला ते करता आलं असतं. मग तू म्हणाला असतास, अरे, बंद झालं अडकायचं. आणि जेवायला हात पुढे केला असतास.

मग काल. जेवणाआधी नाना बोलले, आणि ते झाल्यावर वहिनी उभ्या राहिल्या. त्या चार माणसांत बोलत नाहीत, तुला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी आम्हाला कधी सरळ सांगितलं नाही. यांना एकाच माणसाने तोंडावर खरं सांगितलं, रवीभाऊंनी. हे शेवटपर्यंत म्हणायचे, रव्याने मला फसवलं नाही. त्याच्यामुळे मी तयार झालो."

नाना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मी होतो तेव्हा. मी पाहिलं. असं सांगायला छाती लागते."

म्हणजे तू माझा राग धरला नव्हतास. तू माझे उपकार मानलेस. माझं एकच खोटं तू आयुष्यातला एकुलता एक खरा शब्द म्हणून जपलंस, आणि वहिनींच्या हातात देऊन गेलास. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या घेऊन घरी गेलो असतो. हे घेऊन कुठे जाऊ?

पंगत उठली, मांडव सुटायला लागला, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी एकट्याच होत्या, वरणाचं पातेलं आवरत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. कार्डाचं, मेमरीचं, साठच्या आकड्याचं, माळावर फिरवलेल्या घोड्याचं, पिशवीचं. मला वाटलं त्यांना कार्डाचं कळणार नाही. त्यांनी कार्डाबद्दल काही विचारलंच नाही.

"म्हणजे हात?" त्या म्हणाल्या.

"हात चांगला होता, वहिनी. त्या दिवशी तरी."

"किती दिवस राहिला असता?"

"माहीत नाही. काही महिने असतील."

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. मग बोलल्या, तुझ्याशी बोलायच्या तशा, माझ्याकडे न बघता.

"महिनाभराने यांनी एकदा वाटीकडे हात नेला होता, भाऊ. आपसूक. बोटं वाटीला लागली होती. मी तो हात उचलून मांडीवर ठेवला. म्हटलं, राहू द्या, सांडेल. विसरलात का रवीभाऊंनी सांगितलेलं? तर हसले. म्हणाले, हो, विसरलोच. पुन्हा नेला नाही मग."

मी म्हणालो, "वहिनी..."

"केतकीला तुम्हीच सांगा. मला विचारेल तर मी खोटं बोलणार नाही."

"हो."

मी दाराकडे वळलो. त्या म्हणाल्या, "बसा. तुम्ही पंगतीला बसला नव्हतात, मी पाहिलं. तेराव्याला आलेला माणूस उपाशी जात नाही या घरातून."

त्यांनी पाट ठेवला. ताट वाढलं, बट्टी, वरण, वांग्याची भाजी, सगळं रीतसर, तुपासकट. आणि समोर बसल्या. मी बट्टी चुरली. त्यावर वरण घेतलं आणि कालवलं. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या, बोटांकडे पाहत होत्या. पहिला घास मी कसाबसा तोंडात घातला. दुसरा उचलला आणि मला तो वर नेता येईना. मी तो ताटात ठेवला.

"खा, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "तुमचा हात चांगला आहे."